साबडे सर आणि लेकरांचं खुराडं

साबडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की निघण्यापूर्वी त्यांनी गॅस बंद आहे की नाही हे नक्की दोनदा पाहिलं असणार. मग रडू आलं. हा क्रम ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्यांनी सरांबरोबर एकदा तरी पुण्याबाहेर प्रवास केला आहे, त्यांना वाटणार नाही. एकदा आम्ही चाकणची कोंडी कशीबशी पार करून राजगुरुनगरच्या अलीकडे पोहोचलो होतो. गाडी मी चालवत होते, सर शेजारी. अचानक म्हणाले, "शेळकेबाई, मी कुलूप ओढून पाहिलं होतं का हो?"

"सर, मला कसं माहीत असणार?"

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि इतके केविलवाणे गप्प बसले, की शेवटी मीच गाडी वळवली. म्हणजे पुन्हा चाकण. कुलूप शाबूत होतं. सरांनी ते ओढून पाहिलं, मान हलवली आणि गाडीत बसल्यावर माझी माफी मागायला सुरुवात केली. तिसऱ्यांदा चाकण आलं तरी ती संपली नव्हती.

मी विद्यापीठात त्यांच्या हाताखाली संशोधन सहायक होते. नवोपक्रम आणि प्रादेशिक विकास असं आमच्या केंद्राचं भारदस्त नाव. गावातली माणसं स्वतःच्या अडचणींवर स्वतःच्या डोक्याने काय काय शोधून काढतात, ते शेजारच्या गावात कसं जातं आणि त्याने त्या भागाचं काही भलं होतं का, हे पाहणं आमचं काम. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके आमच्या वाट्याला आले होते. 'नवोपक्रम' म्हटलं की लोक विचारायचे, "म्हंजी अनुदान हाय का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, आणि तो पडलेला पाहून सरांचा त्याहून जास्त पडायचा. मग लोकच त्यांची समजूत काढायचे, "असूं द्या सर, च्या घ्या."

चहाला सरांनी कधी नाही म्हटलं नाही. पित्ताचा त्रास होता, खिशात गोळ्या असायच्या, पण नकार दिला तर समोरच्याला काय वाटेल ही काळजी पित्ताहून मोठी होती. उंच, थोडे पोक काढून चालणारे, चष्म्याला मागून दोरी. खांद्यावरच्या पिशवीत जादा चष्मा, बॅटरी, छत्री, मीठसाखरेची पुडी, एक टॉवेल आणि कधीही न वापरलेली शिट्टी. ओझरवरून जायचं झालं की विघ्नहराच्या देवळापाशी गाडी थांबवायला लावायचे. मी एकदा चिडवलं, "सर, तुम्ही तर देव मानत नाही ना?"

"नाही मानत," सर चप्पल काढत म्हणाले, "पण धोका कशाला घ्या?"

त्यांची एक सवय मात्र आम्हा सगळ्यांना त्यांच्यापुढे मान झुकवायला लावायची. ज्याच्याशी बोलून यायचे, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करायचे. आणखी काही विचारायला नाही. "काल माझ्या बोलण्याने तुम्हाला वाईट तर वाटलं नाही ना?" एवढंच विचारायला. जुन्नरमधल्या आणे पठारावर एका म्हातारीला त्यांनी शहरात गेलेल्या मुलाविषयी विचारलं होतं आणि परतीच्या वाटेवर त्यांना वाटत राहिलं, की नको होतं विचारायला. सकाळी केंद्रात आल्या आल्या फोन लावला. म्हातारीचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू आला, "आरं बाबा, वाईट कशाचं! त्येच्याबद्दल इचारणारं तूच पयलं भेटलास. जेवलास का?" सरांनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि पुन्हा काळजीत पडले, की म्हातारीला रेंजसाठी अंगणात यावं लागलं असेल, बाहेर ऊन असेल.

दुसरी सवय म्हणजे, अहवाल कुठेही पाठवण्यापूर्वी ज्या गावाविषयी लिहिलं त्या गावात जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवायचा. आमच्या धंद्यात हे कोणी करत नाही. सर म्हणायचे, "ज्याच्या पाठीमागे लिहिलं, त्याच्या तोंडावर वाचता आलं पाहिजे." याच सवयीने पुढे घात केला, म्हणून ती सांगून ठेवते.

बिबट्याची भीती तर त्या भागात सगळ्यांनाच. पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला आणि तिथलाच होऊन गेला. पिल्लं उसातच जन्मतात. संध्याकाळी माणसं मोबाईलवर गाणी लावून रस्ता तुडवतात. सरांच्या मोबाईलमध्ये गाणी नव्हती, म्हणून ते उसाच्या कडेने चालताना खड्या आवाजात पाढे म्हणायचे. महाळुंगे पडवळ या गावी आमची दत्तूभाऊंशी पहिली गाठ पडली ती अशीच. एकोणीसच्या पाढ्यावर सर अडखळले आणि बांधापलीकडून आवाज आला, "सर, बिबट्याची शिकवणी घेता काय?"

दत्तूभाऊ पन्नाशीचे, बोलके, भंगार जमवायचा नाद असलेले शेतकरी. त्यांच्याच रानात आम्ही ते पाहिलं. ऊस तोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, त्यांतल्या बाया तान्ही मुलं बरोबर आणतात आणि उसाच्या कडेला बाभळीला झोळ्या बांधून त्यांत निजवतात. आदल्या हंगामात अशाच एका झोळीच्या बुडाशी बसलेलं कुत्रं दिवसाढवळ्या बिबट्याने उचललं होतं. झोळीतलं बाळ जागंही झालं नव्हतं. पण ती गोष्ट ऐकून दत्तूभाऊंच्या थोरल्या भावजयीची, मंगलवहिनींची झोप उडाली. त्या म्हणाल्या, कोंबड्यांना आपण खुराडं करतो, मग लेकरांना का न्हाई? दत्तूभाऊंकडे जुन्या ट्रॉलीचा सांगाडा पडला होता. गावातल्याच सुभाषचं स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान होतं. त्याने त्या सांगाड्यावर चारी बाजूंनी आणि वरून लोखंडी जाळी बसवली, दार केलं, तळाला फळ्या टाकल्या. वहिनींनी गोधड्या अंथरल्या. ट्रॅक्टरला जोडून ते रानात न्यायचं, तोड पुढे सरकली की तेही पुढे. आत पाच-सहा लेकरं निवांत झोपायची, खेळायची. गाव त्याला लेकरांचं खुराडं म्हणायचं. आमच्या अहवालात त्याचं नाव झालं 'फिरता सुरक्षित बालसंगोपन कक्ष'.

सर त्या खुराड्याभोवती प्रदक्षिणा घालावी तसे फिरले. जाळी हाताने हलवून पाहिली, फटीत बोट घालून पाहिलं, चाकाखाली दगड लावलाय ना हे वाकून पाहिलं. मग त्यांनी आमच्या शास्त्रातला हमखास प्रश्न विचारला, "ही कल्पना मुळात कोणाची?"

दत्तूभाऊ हसले. "डोकं वैनीचं, हात सुभाषचा, आपलं निस्तं भंगार."

आज वाटतं, याहून नेमकं उत्तर असूच शकत नव्हतं. पण आमच्या अभ्यासात प्रत्येक कल्पनेला एक उगम लागतो. उगम ठरला की मग ती कुठून कुठे गेली याचा नकाशा काढता येतो. तिघांचा मिळून एक उगम नकाशावर दाखवता येत नाही. म्हणून सरांनी तोच प्रश्न तिघांना वेगवेगळं गाठून विचारला, पुढच्या खेपेला पुन्हा विचारला आणि त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. पहिल्या खेपेला तिघांनी एकमेकांची नावं घेतली. दुसऱ्या खेपेला उत्तरं लांबली. तिसऱ्या खेपेला दत्तूभाऊ म्हणाले, "तसं बगितलं तर सांगाडा नसता तर काय हवेत बांधलं असतं?" सरांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. त्यांना त्यात चांगली माहिती दिसली. काळजीने अर्धा झालेला हा माणूस नको तिथे काळजी करायचा आणि तिथे मात्र त्याला कसलाच वास आला नाही.

शाळेच्या व्हरांड्यात अहवालाचं वाचन झालं. पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांना चहा. सर उभे राहून वाचत होते. "या कल्पनेच्या मूळ जनक मंगलबाई" हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी थोडं थांबून वर पाहिलं. एका बाईचं श्रेय बाईला मिळालं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. टाळ्या पडल्या. मंगलवहिनींनी पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहत राहिल्या. दत्तूभाऊ "आसंल, आसंल" म्हणत उठले. सुभाष तर वाचन संपायच्या आधीच निघून गेला होता. परतीच्या वाटेवर सर गाडीत चक्क झोपले. इतक्या वर्षांत त्यांना गाडीत झोपलेलं मी तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे त्यांनी फोन लावले. दत्तूभाऊंनी उचलला नाही. मंगलवहिनींचा बंद. सुभाषचा वाजत राहिला. सरांनी दुपारी पुन्हा लावले, संध्याकाळी पुन्हा. "शेळकेबाई, काहीतरी झालंय," ते म्हणाले. त्यांना कायमच काहीतरी झालंय असं वाटत असल्यामुळे मी मनावर घेतलं नाही. पण दोन-तीन दिवस असेच गेल्यावर आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी कुलपाविषयी विचारलं नाही. चाकणच्या कोंडीत मी वैतागून हॉर्न वाजवत होते आणि ते हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

खुराडं दत्तूभाऊंच्या गोठ्यात उभं होतं, एका बाजूला सरकवून. त्याला दार नव्हतं.

"कल्पना वैनीची हाय ना? मग वैनीनं वडावं," दत्तूभाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "भंगार माझं हाय. ते माझ्या गोठ्यात ऱ्हाईल."

मंगलवहिनींनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दारातूनच बोलल्या, "सर, मी कवा म्हनलं व्हतं माझं नाव घाला म्हनून? तुमी जाताल पुण्याला. मला ह्याच घरात ऱ्हायचंय. सासूबाई बोलत न्हाईत, ह्ये बोलत न्हाईत. लेकरांसाठी केलं आन् आता घरात त्वांड दावायची चोरी झाली."

सुभाषच्या दुकानात भिंतीला टेकवून ते दार ठेवलेलं होतं. त्याने आम्हाला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. बौद्ध वस्तीतला हा शांत माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. तेव्हाही नाही चढवला. "सर, तुमी पयल्या बारीला इचारलं तवा मी वैनीचं आन् दत्तूभाऊंचं नाव घेतलं. दुसऱ्या बारीला कसं बनवलं त्ये सांगितलं. तिसऱ्या बारीला इचारलं तवा ध्यानात आलं, की हितं कुनाचं तरी एकाचं नाव लागनार हाय आन् ते आमचं न्हाई. तोवर मला नावाचं काय बी वाटलं नव्हतं, खरं सांगतो. आमच्या वस्तीनं ह्या गावात लई काय काय बनवलंय सर. नाव कवा लागलंय? म्हनून मी माझं दार तेवढं काढून आनलं."

सरांनी तो चहा घेतला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, इतका सरळ माणूस इतका आंधळा कसा असतो याचा.

तिथून आम्ही रानाकडे गेलो. तोड चालू होती. उसाच्या कडेला बाभळीला पुन्हा झोळ्या लागल्या होत्या. एक रांगतं पोर कमरेला दोरी बांधून बुंध्याला अडकवलेलं होतं आणि ते उसाच्या पाचटाशी खेळत होतं. त्याच्यामागे हाताच्या अंतरावर उभा ऊस. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतली कालवड बिबट्याने नेली होती. सर त्या पोराकडे बघत उभे राहिले. पुण्याला येईपर्यंत एकच वाक्य बोलले, "आपण विचारलं नसतं तर ही मुलं आज आत असती."

अहवाल त्यांनी मागे घेतला. केंद्रात त्यावरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण कागद मागे घेतला म्हणून खुराडं थोडंच गोठ्यातून बाहेर येणार होतं? सरांनी तिघांना पुन्हा पुन्हा भेटून माफी मागितली. तिघांनीही "असूं द्या सर" म्हटलं आणि खुराडं जागचं हललं नाही. मग सरांनी रजा टाकली, मंचरला एक खोली घेतली आणि रोज सकाळी जीपने महाळुंग्याला येऊन उसाच्या कडेला, झोळ्यांपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले.

मला हे कळलं तेव्हा मी धावत गेले. टोळीचा मुकादम वैतागला होता, बाया बिचकल्या होत्या. कोण कुठला म्हातारा, आमच्या लेकरांपाशी का बसतोय? मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "ह्यो काय बिबट्याला धरनार? ह्यो तर खारीला बी भितोय." खोटं नव्हतं. पाचट वाजलं की सर खुर्चीवरून उठून उभे राहत. घामाने सदरा भिजलेला, हातात स्टीलची ताटली आणि चमचा. खुट्ट झालं की ताटली वाजवायची. लेकरं दचकून रडायची, मग सर त्यांची माफी मागायचे, आणि बाया ऊस तोडता तोडता हसायच्या. मला हसू येत नव्हतं. या माणसाला भर दुपारी उसाच्या कडेने एकट्याला चालता येत नव्हतं आणि तो आता उसाकडे तोंड करून दिवसभर बसत होता.

"सर, घरी चला," मी म्हटलं. "याने काय होणार आहे?"

"मला माहीत नाही काय होणार आहे," ते म्हणाले. "पण मी पुण्यात बसलो तरी माझं लक्ष इथेच असणार. मग इथेच बसलेलं बरं."

दत्तूभाऊ रोज बांधावरून बघून जात. एकदा मी तिथे असतानाच खाली उतरून आले. "सर, लई झालं आता. तुमाला काय झालं तर आमच्या गावाचं नाव जाईल. जावा घरी."

"मी जातो," सर म्हणाले, "पण मग यांच्यापाशी कोण बसेल?"

दत्तूभाऊंनी झोळ्यांकडे पाहिलं, मग उसाकडे. टोपी काढून डोकं खाजवत बांध चढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टर दत्तूभाऊ चालवत होते, मागे खुराडं, आणि खुराड्यात सुभाष उकिडवा बसलेला. दार अंगाशी धरून, वाजू नये म्हणून. बांधापाशी गाडी थांबली. सुभाषने खाली उतरून दार बसवलं, नट आवळले, दोनदा उघडून लावून पाहिलं. दत्तूभाऊंनी चाकांना दगड लावले. बऱ्याच मागून मंगलवहिनी गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आल्या. दिराकडे न बघता आत चढल्या आणि अंथरायला लागल्या. तिघांपैकी कोण कोणाकडे आधी गेलं, काय बोलणं झालं, कोणी कोणाला काय म्हटलं, काही कळायला मार्ग नव्हता. सरांचं तोंड उघडलं. आता पुन्हा काही विचारतात की काय, म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ते मिटलं आणि पहिली झोळी सोडायला गेले.

यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. दत्तूभाऊ आणि वहिनी कामापुरतंच बोलत राहिले. सुभाष पूर्वीसारखा त्यांच्या ओट्यावर येऊन बसत नव्हता. पण तोड पुढे सरकली की खुराडं पुढे सरकत होतं, आणि सरांची रजा संपली नव्हती.

मला नाशिकला नोकरी लागली. सामान गाडीत भरून निघाले, वाटेत सरांचा निरोप घ्यावा म्हणून मंचरहून महाळुंग्याकडे वळले. उन्हं कलायला लागली होती. ट्रक भरायची घाई होती, साऱ्या बाया मोळ्या वाहत होत्या. प्लास्टिकची खुर्ची रिकामी दिसली. मी जवळजवळ पळतच गेले. पलीकडच्या रानात बिबट्याच्या पावलांचे माग दिसल्याचा दुपारी गलका झाला होता, असं मुकादमाने मागाहून सांगितलं. तेव्हा बायांनी लेकरांबरोबर सरांनाही खुराड्यात ढकललं होतं आणि बाहेरून कडी लावून आपापल्या कामाला निघून गेल्या होत्या. आत सर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उंच माणूस, डोकं जाळीला टेकलेलं. एक पोर त्यांच्या चष्म्याच्या दोरीशी खेळत होतं, दोघं पायांशी लोळत होती आणि एक तान्हं छातीवर उताणं पडलं होतं, तोंड उघडं टाकून.

"अहो सर, हे काय!" म्हणत मी कडीला हात घातला.

"श्श्," सर म्हणाले. "उघडू नका, शेळकेबाई. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."